पर्यावरणाची वकिली करायचीय? मग आधी सातबारा वाचायला शिका

लॉच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली भेटतात तेव्हा त्यांतल्या दोघा-तिघांना हमखास पर्यावरणात काम करायचं असतं. नेमकं काय करायचंय असं विचारलं की उत्तर येतं, जनहित याचिका. एम. सी. मेहता, गोदावर्मन हे गाजलेले खटले, जगण्याच्या हक्काचा अनुच्छेद २१, हे सगळं तोंडपाठ असतं. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगाला दिलेलं संमतीपत्र कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, सातबारा वाचता येत नाही आणि आपल्या जिल्ह्यात त्या मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय कुठे आहे, हेही ठाऊक नसतं. पर्यावरणाच्या बहुतेक प्रकरणांचा निकाल मात्र याच कागदांवर लागतो. अनुच्छेद २१ सगळ्यांनाच येतं, खाणपट्ट्याचा नकाशा वाचणारा वकील शोधावा लागतो. या क्षेत्रात नव्या माणसाला जागा आहे ती इथे.

पहिली दोन वर्षं साध्या वकिलीची

एलएलबी झाल्यावर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्या. नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलंय तेवढंच घेता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम. ती लांबणीवर टाकू नका.

पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. महाराष्ट्र, गोवा, गुजरात आणि दमण-दीव, दादरा-नगर हवेली एवढा मुलुख त्याच्याकडे येतो. मग थेट तिथेच ज्युनिअर व्हावं का? माझं मत, लगेच नको. तिथलं काम मुख्यतः शपथपत्रांवर आणि अहवालांवर चालतं, उलटतपासणी क्वचितच होते. वकिलीची सुरुवातच तिथे केली तर मनाई हुकूम कसा मागतात, साक्षीदार कसा कोसळतो, दस्तऐवज निशाणीला कसा लागतो, हे कधी हाताखालून जात नाही. आधी वर्ष-दीड वर्ष जिल्हा न्यायालयात किंवा हायकोर्टात दिवाणी आणि रिट असं मिश्र काम असलेल्या सीनिअरकडे काढा. प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त यांच्यासमोर महसुली अपिलं चालवणारा सीनिअर मिळाला तर दुधात साखर. फेरफार, मोजणी, अकृषिक परवानगी, गौण खनिज, सगळं तिथे आपोआप कानावरून जातं.

पैशाचं पहिल्याच दिवशी विचारून घ्या. ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि प्रत्यक्षात काय मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण आकडा माहीत असला की निदान बोलणं सुरू करता येतं.

एक कायदा आणि एक मुलुख निवडा

‘पर्यावरण’ हा विषय नव्हे, तो विषयांचा बाजार आहे. सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्याकडे पक्षकार येत नाही. कोकणात किंवा गोव्यात असाल तर किनारी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना आणि किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे. मुंबई-ठाणे-रायगडमध्ये खारफुटी. या खारफुटीवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेला निकाल घरात पाठ असावा. खारफुटीचा नाश म्हणजे अनुच्छेद २१ चा भंग, आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा, हे त्यातून आलं. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे नद्या, साखर कारखाने, आसवन्या आणि मळीमिश्रित पाणी. विदर्भात जंगल, वन्यजीव, खाणी आणि झुडपी जंगल. झुडपी जंगल हे महसुली दप्तरातलं जुनं त्रांगडं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनजमीनच असल्याचं सांगितलं, आणि तिथल्या गावोगावच्या नोंदी पुन्हा उघडायची वेळ आली. स्थानिक तरुण वकिलाला याहून चांगली संधी कुठली?

विदर्भातच आणखी एक वाट आहे, तिच्याकडे शहरातल्या मुलांचं लक्ष कमी जातं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाले. त्यानंतर बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वन विभागाशी झगडा झाला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, जिल्हास्तरीय समिती अशा पायऱ्यांनी दावे चढतात आणि बऱ्याचदा कारण न देता फेटाळले जातात. अपिलाचं काम पडून आहे. गोंडी किंवा माडिया येत असेल तर तुमच्यासारखे तुम्हीच.

दार कुठलं ठोठवायचं

हरित न्यायाधिकरण सगळं ऐकत नाही. त्याच्या २०१० च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सातच कायदे आहेत: जल प्रदूषण कायदा १९७४, जल उपकर कायदा १९७७, वन संवर्धन कायदा १९८०, वायू प्रदूषण कायदा १९८१, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ आणि जैवविविधता कायदा २००२. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्यात नाही. भारतीय वन अधिनियम १९२७, वनहक्क कायदा, नागरी भागातल्या झाडांचा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा, हेही नाहीत. त्यामुळे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीला थेट आव्हान द्यायचं असेल तर वाट उच्च न्यायालयाकडे जाते. न्यायाधिकरणामुळे उच्च न्यायालयाचा रिट अधिकार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरी पर्यायी मार्ग असताना इकडे का आलात, हा प्रश्न पहिल्याच तारखेला येतो. उत्तर याचिकेतच लिहून ठेवा.

मुदत: इथे प्रकरणं मरतात

हा भाग दोनदा वाचा.

पर्यावरण मंजुरीसारख्या आदेशाविरुद्धचं अपील न्यायाधिकरणाच्या त्याच कायद्याच्या कलम १६ खाली येतं. मुदत ३० दिवस. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. एक्क्याण्णवाव्या दिवशी न्यायाधिकरणाच्या हातात काही उरत नाही, मग प्रकरण कितीही खरं असो. कलम १४ खालच्या मूळ अर्जाला सहा महिने आणि वर ६० दिवस. नुकसानभरपाई आणि पूर्ववत करण्यासाठी कलम १५, पाच वर्षं आणि वर ६० दिवस. कलम १४ मध्ये ‘पहिल्यांदा’ हा शब्द आहे: वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून सहा महिने. गावकरी येऊन सांगतात, ‘साहेब, दहा वर्षं धूर खातोय.’ त्यांच्या दृष्टीने हा सगळ्यात जोरदार मुद्दा असतो आणि समोरचा वकील नेमका तोच उचलतो. म्हणून पक्षकाराच्या पहिल्या भेटीत तक्रार ऐकण्याआधी तारखा लिहा. नवीन काय घडलं? संमतीपत्राचं नूतनीकरण कधी झालं, विस्तार कधी झाला, मंडळाची शेवटची नोटीस कोणत्या तारखेची? जुन्या दुखण्यात नवं, स्वतंत्र कारण सापडलं तरच अर्ज टिकतो. नाही सापडलं तर कलम १५ चा विचार करा.

अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून. पण कळला म्हणजे तुमच्या पक्षकाराला व्हॉट्सॲपवर आला तेव्हा नव्हे. संकेतस्थळावर टाकणं, वर्तमानपत्रात जाहिरात देणं, ग्रामपंचायतीत लावणं, यांतलं जे पूर्णपणे सगळ्यात आधी झालं तिथून दिवस मोजले जातात. मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पवाल्याला दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. तुमच्या जिल्ह्याच्या पेपरांतल्या त्या बारीक टायपातल्या जाहिराती रोज चाळायची सवय लावा. केंद्र सरकारचं पर्यावरण मंजुऱ्यांचं परिवेश पोर्टलही आठवड्यातून एकदा. कंटाळवाणं काम आहे, पण मुदतीत अपील करणारा वकील इथेच तयार होतो.

कागद कसे जमवायचे: एका खडी क्रशरचं उदाहरण

समजा, गावाजवळ दगडखाण आणि खडी क्रशर आहे. धूळ, सुरुंगाचे हादरे, विहिरी आटल्याची तक्रार. थेट अर्ज लिहायला बसू नका.

आधी गट नंबर काढा. सातबारा, आठ-अ आणि गावनकाशा. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात खाणपट्ट्याची नोंद आहे का, फेरफार कोणत्या तारखेचा, ते पाहा. मग जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडून खाणपट्ट्याचा आदेश आणि त्याच्यासोबतचा नकाशा. खाणीची पर्यावरण मंजुरी वेगळी आणि क्रशरचं प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र वेगळं. एक असलं की दुसरं असेलच असं धरून चालू नका. पुष्कळदा नसतं.

मंजुरीच्या पत्रात खाणीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते गूगल अर्थवर टाका, रेषा जोडा आणि जुनी छायाचित्रं वर्षावर्षाने मागे सरकवत बघा. खड्डा रेषेबाहेर गेलेला दिसला, तर धुळीवरची दहा पानं न लिहिता तो एक नकाशा अर्जाला जोडा. शेजारचा गट गायरानाचा निघाला तर प्रकरणाला वेगळंच वळण मिळतं. त्यानंतर मंजुरीतल्या अटी एका कोऱ्या कागदावर उतरवा: पाणी फवारणी, झाडांचा पट्टा, सुरुंगाची वेळ. प्रकल्पवाल्याने या अटींच्या पालनाचा अहवाल दर सहामाहीला द्यायचा असतो. तो मागवा. अहवालात ‘झाडे लावली’ असं असतं, जागेवर मुरूम असतो.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो. हे विसरून लिहिलेला लांबलचक अर्ज परत येतो आणि महिना फुकट जातो. प्रती मागण्याऐवजी आधी फाइलचं अवलोकन मागा, कलम २(ञ) तो हक्क देतं. अवलोकनात पत्रव्यवहाराइतकाच टिपणीचा भाग वाचा. कनिष्ठ अधिकाऱ्याने ‘परवानगी देऊ नये’ असं लिहिलेलं आणि वर कोणीतरी एका ओळीत ते फिरवलेलं, ही टिपणी हाती लागली की युक्तिवादाचा निम्मा भार हलका होतो. मग नेमक्या त्याच पानांच्या साक्षांकित प्रती घ्या.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हे काम सीनिअर ज्युनिअरवर ढकलतात आणि ज्युनिअर नाक मुरडतात. मुरडू नका. पोटखराबा, गायरान, वहिवाट, आणेवारी यांचं अचूक इंग्रजी लिहिणारा माणूस कोर्टात कोणालाही हवा असतो. दिल्लीचे वकीलसुद्धा अशा माणसाला फोन करतात.

जागेवर

फोटो अक्षांश-रेखांश आणि वेळ उमटणाऱ्या ॲपने काढा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत ही प्रतच. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत तयार ठेवा. न्यायाधिकरणाला पुराव्याचे नियम काटेकोर लागू नाहीत, पण प्रकरण उद्या फौजदारी न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं.

पाण्याचा नमुना हा वेगळाच प्रकार. बाटलीत भरून खासगी प्रयोगशाळेत दिलेला नमुना संशय दाखवतो, सिद्ध काही करत नाही. कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे भाग करायचे, सील लावायचं, सह्या घ्यायच्या. पायरी चुकली की आरोपी त्यावरच सुटतो. तुम्ही कारखान्याच्या बाजूने उभे असाल तर हेच कलम तुमचं हत्यार.

न्यायाधिकरण बहुधा संयुक्त समिती नेमतं: मंडळ, जिल्हाधिकारी, कधी केंद्रीय मंडळ. समितीची भेट हाच खरा खटला समजा. भेटीची तारीख लेखी मागा. कुठल्या नाल्यावर, कुठल्या विहिरीवर, किती वाजता नमुना घ्यायचा, याची यादी आधी समितीला द्या आणि पोच घ्या. सकाळी अकराला आलेल्या समितीला स्वच्छ नाला दिसतो, पाणी रात्री सुटतं. हे तिथे राहणाऱ्या बाईला माहीत असतं, अभियंत्याला नाही. तिचं शपथपत्र घ्या.

जनसुनावणी

पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखालची जनसुनावणी ही नव्या वकिलाची उत्तम शाळा. सूचना किमान ३० दिवस आधी निघते. प्रकल्पाचा मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात ठेवलेला असतो. गावात जाऊन तो लोकांसमोर वाचून दाखवा. अहवालात नसलेला ओढा, न दाखवलेली देवराई, चुकीची लोकसंख्या, हे गावकरी बसल्या जागी सांगतात. हरकती लेखी द्या, पोच घ्या. गणसंख्येची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. बहिष्काराचं राजकीय मोल असेल, अपिलात त्याने काही लिहून मिळत नाही. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवायचं असतं. ते वाचेपर्यंत कोणी हलायचं नाही, हे लोकांना आधी बजावून ठेवा.

याच मुद्द्यांवर पुढे केवढी उलथापालथ होते ते पाहायचं असेल तर गोव्यातल्या मोपा विमानतळाचं प्रकरण वाचा. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित केली ती प्रकल्पवाल्याने माहिती दडवल्याच्या आणि मूल्यांकन समितीने विचार न केल्याच्या मुद्द्यावर. जानेवारी २०२० मध्ये नव्या अटी घालून स्थगिती उठली. दोन्ही निकाल लागोपाठ वाचले की न्यायालय कुठवर येतं आणि कुठे थांबतं ते कळतं.

आणि निकाल त्या-त्या दिवशी तपासा. काम आधी सुरू करून मंजुरी मागाहून घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्दबातल ठरवली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैद काढून दंड आणला, जल कायद्यातही २०२४ मध्ये तसाच बदल झाला. जुन्या नोट्सवर विसंबून उभे राहिलात तर न्यायमूर्ती नाही, समोरचा ज्युनिअर तोंडघशी पाडेल.

नोकरीच्या वाटा

कंपन्यांत काम वाढलं आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादकांवर विकलेल्या मालाच्या कचऱ्याचीही, म्हणजे विस्तारित, जबाबदारी आली, जमीन घेण्याआधी पर्यावरणाची तपासणी होते. दिल्लीत पर्यावरणाचे खटले लढवणारी लाइफसारखी संस्था आहे, तिला २०२१ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. गोव्यात गोवा फाउंडेशन ही संस्था १९८६ पासून काम करते आहे. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं ते तिच्याच याचिकेवर. दोन महिन्यांची इंटर्नशिप अशा ठिकाणी करावी.

पगारी नोकरी धरलीत तर, संस्थेत असो वा कंपनीत, सनद स्थगित करावी लागते. परत वकिलीत यायचं असेल तर हिशेब आधी करा.

डिप्लोम्यांबद्दल थोडक्यात: बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा दूरशिक्षणाचा आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाबरोबर चालवलेला, दोन्ही चांगले. पण काम मिळतं ते फाइल पाहून.

पोट कशावर चालणार

तक्रारदार गावं पैसे देऊ शकत नाहीत. सुरुवातीला हातात दोन प्रकारची कामं ठेवा. एक, गृहनिर्माण संस्था: बिल्डरने सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प बंद अवस्थेत सोपवला, मंजुरीतली मोकळी जागा खाल्ली, असली भांडणं पुण्या-ठाण्यात ढिगाने आहेत आणि सभासद वर्गणी काढतात. दोन, एमआयडीसीतले छोटे कारखानदार: कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर, बंदचा आदेश, संमतीपत्र नाकारल्यावर जल कायद्याच्या कलम २८ खालचं ३० दिवसांच्या आतलं अपील. कारखान्याचं काम घेतलं म्हणजे बाटलो, असं मला वाटत नाही. आतून प्रक्रिया पाहिल्याशिवाय बाहेरून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. फक्त एकाच नदीच्या खोऱ्यात दोन्ही बाजूंनी उभे राहू नका.

अर्जदार कोण आहे ते तपासा. कारखान्याविरुद्ध अर्ज टाकायचा, बिदागी घ्यायची आणि मागे घ्यायचा, हा धंदा करणारे आहेत आणि त्यांना तरुण, उत्साही वकीलच लागतो. ग्रामपंचायतीचा किंवा ग्रामसभेचा ठराव मागितला की असे लोक पुन्हा येत नाहीत. खऱ्या अर्जदाराच्या जिवाचाही विचार करा. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. एकट्याच्या नावाने अर्ज करण्यापेक्षा पाच-सात जणांच्या नावाने करा, धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

न्यायाधिकरणाचं शुल्क भरपाई मागितलेली नसेल तर १,००० रुपये, मागितली असेल तर रकमेच्या एक टक्का. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकतात. तुम्ही त्या पॅनेलवर नाव नोंदवा, मोबदला थोडा पण मिळतो. ‘भरपाई मिळाली की त्यातले दहा टक्के तुमचे’ असं कोणी म्हणालं तर बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही, निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. फी किती, प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च कोणाचा, हे वकीलपत्रावर सही घेतानाच लिहून ठेवा. गावाच्या वतीने पैसे कोण देणार, त्या माणसाचं नावही तिथेच घाला.